काट्यांचं कडियाळं

घोडीनं तोंड उघडलं तेव्हा मला वाटलं, तिनं काहीतरी लाल चघळलंय. मग तिच्या तोंडातला फेस माझ्या हातावर पडला. तो गुलाबी होता.

"आत्याबाई, हिच्या तोंडात रगत हाय," मी म्हणाले.

सासूबाई चुलीसाठी दगड मांडत होत्या. त्यांनी मान वर करून घोडीकडं बघितलं आणि पुन्हा खाली घातली. "आसंल," एवढंच म्हणाल्या.

"आसंल न्हवं, हाय. जीभ कापलीया."

"वरातीची घोडी हाय ती," मागून थोरले भावजी म्हणाले. "तिला काट्याच्या कडियाळ्याची सवय हाय. काढू नगंस ते."

घोड्याच्या तोंडात बसते ती लोखंडी कांडी, तिला आमच्यात कडियाळं म्हणतात. आम्ही मेंढपाळ धनगर. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन माणदेशातून निघायचं, घाट उतरून कोकणात जायचं आणि पावसाच्या आधी परत यायचं. गडीमाणसं मेंढरांबरोबर पुढं जातात. भांडीकुंडी, घोंगड्या, कोंबड्या, नुकती जन्मलेली कोकरं आणि पाळण्यातली मुलं हे सगळं घोड्यांच्या पाठीवर असतं, आणि घोडी हाकतात बायका. त्या साली आमची जुनी घोडी पोटफुगीनं मेली. लोणंदच्या अलीकडं आम्ही एका रिकाम्या रानात उतरलो होतो. थोरले भावजी तिथून कुठं तरी जाऊन ही पांढरी घोडी घेऊन आले. वरातीत फटाके वाजल्यावर हिनं नवऱ्या मुलाला खाली टाकलं होतं, म्हणून मालकानं विकायला काढली होती.

थोरले भावजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे मोठे भाऊ, म्हाळू. आमच्या वाड्याचे, म्हणजे बरोबर फिरणाऱ्या कुटुंबांच्या तांड्याचे, कारभारी. कुठं उतरायचं, कधी निघायचं, सगळं त्यांच्या शब्दावर. चांगला माणूस. आवाज चढवायचे नाहीत. पण घोड्याच्या बाबतीत एक हट्ट होता: घोडं सुटता कामा नये. संध्याकाळी घोड्यांची दावी मी बांधायची, आणि मागून येऊन ते प्रत्येक गाठ ओढून बघायचे. पटलं नाही तर स्वतः पुन्हा बांधायचे.

मी ते कडियाळं काढलंच. भावजी मेंढरांकडं गेले तशी हळूच घोडीचं डोकं खाली घेतलं आणि पट्टा सोडला. कांडीवर बारीक काटे होते, दोन्ही बाजूंच्या कड्यांवरही आतून काटे. जिभेवर आडवी चीर पडली होती. ओठांच्या कोपऱ्यात जुन्या जखमांच्या गाठी झाल्या होत्या. मी बोटानं हळदलोणी लावलं. घोडी थरथरत होती, पण तिनं चावलं नाही.

माझी बानू तेव्हा रांगायला लागलेली. जुन्या घोडीच्या पाठीवर, दोन बोचक्यांच्या मधल्या खळग्यात मी तिला घोंगडीत बांधून ठेवायची. घोडीच्या चालीनं ती झोपून जायची. आता ती या घोडीवर बसणार होती. त्यामुळं घोडीच्या तोंडात काय आहे, ही माझ्यासाठी दुसऱ्या कुणाची गोष्ट नव्हती.

जुन्या घोडीचं साधं, गुळगुळीत कडियाळं होतं माझ्याकडं. ते घालून बघितलं. पण ती घोडी अंगानं लहान होती, हिचा जबडा रुंद. दोन्ही बाजूंच्या कड्या ओठांत रुतायला लागल्या. घोडी सारखी मान झटकायला लागली. ते काढलं. मग नुसती दोरीची म्होरकी घातली, तोंडात लोखंड नाहीच. घोडी एकदम शांत झाली. माझ्या खांद्यामागून आपली चालत राहिली. मला वाटलं, झालं, मिटलं.

शिरवळच्या पुढं एका वळणावर उसाचा ट्रॅक्टर समोर आला. ट्रॉलीची साखळी खणखणली. घोडीनं कान मागं टाकले आणि निघाली. मी दोरी दोन्ही हातांनी धरली, टाचा मातीत रोवल्या, तरी तिनं मला ओढ्यापर्यंत फरफटत नेलं. पातेली रस्त्यावर विखुरली. शेवटी हात सोलले तशी माझ्या हातून दोरी सुटली. गंमत म्हणजे दोरी सुटल्यावर ती चार उड्या मारून थांबली आणि वळून माझ्याकडं बघायला लागली. नशीब की तेव्हा बानू आत्याबाईंच्या पाठीवर होती.

थोरले भावजी मेंढरं सोडून धावत आले होते. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. मला वाटलं आता शिव्या बसणार. पण ते फार हळू बोलले.

"काट्याचं कडियाळं कुठं हाय?"

"बोचक्यात."

"घाल."

"भावजी, तिचं तोंड आजून बरं झालं न्हाय. आन् सोडल्यावर ती आपसूक थांबली. म्या बघितलं."

"सोडल्यावर!" ते म्हणाले. "लेकरू वर आसतं तर? घाटात आसती तर? ठकू, घोडं हातातनं सुटलं की संपलं. हातात दम नसला तर तोंडात काटा पायजे. घाल."

मी आत्याबाईंकडं बघितलं. त्या रस्त्यावरची पातेली गोळा करत होत्या. एक पातेलं त्यांनी उचललं, पदरानं पुसलं, परत पुसलं. 

नवऱ्याला सांगून बघितलं. धुळा म्हणाला, "थोरल्यानं सांगितलंय न्हवं? मग झालं." धुळा वाईट नव्हता. मोठ्या भावासमोर तो तोंड उघडायचा नाही, एवढंच.

मी काटे घातले. दुसऱ्या दिवशी फेस पुन्हा गुलाबी. मी लगाम हातात नुसता लोंबता धरून चालायची, कुठंही ओढ बसू द्यायची नाही. पण घोडीला ते माहीत नव्हतं. माझा हात नुसता हलला तरी ती डोळे पांढरे करून मान वर घ्यायची. जुन्या घोडीवर हात टाकून मी अर्धी झोपेत चालायची. हिच्याबरोबर चालताना माझी पाठ दुखून यायची.

भोरला बाजार होता. मीठमिरची घ्यायला मी आणि आत्याबाई गेलो. बाजाराच्या कडेला घिसाड्यांची पालं होती. एक बाई घण मारत होती, तिचा नवरा सांडशीनं विळा धरून होता. आत्याबाई मिठाच्या दुकानाशी थांबल्या तेव्हा मी पदराखालून कडियाळं काढलं आणि त्या घिसाड्यापुढं ठेवलं. सकाळीच घोडीच्या तोंडातून काढून घेतलं होतं मी.

"ह्याचं काटं घासून दे."

त्यानं उलटसुलट करून बघितलं. "नवंच हाय की. काटं काढल्यावर ह्यात काय ऱ्हायलं?"

"कडियाळं ऱ्हायलं."

त्याची बायको हसली. "घास की रं. तिची घोडी, तिची मर्जी."

त्यानं कानस घेतली. लोखंडाचा भुगा पडायला लागला. वरून काहीच कळणार नव्हतं. कड्या तशाच, पट्टा तसाच, काटे होते ते आतल्या बाजूला आणि कांडीवर. घोडीच्या तोंडात गेल्यावर कोण बघणार होतं? मी सारखी मागं वळून दुकानाकडं बघत होते. आणि पुन्हा वळले तर आत्याबाई माझ्या शेजारी उभ्या.

 कारभाऱ्याचा शब्द मोडलेला, तोही चोरून. त्यांनी नुसतं भावजींना सांगितलं असतं तर मला माहेरची वाट दाखवली असती.

आत्याबाईंनी हात पुढं केला. घिसाड्यानं कडियाळं त्यांच्या हातात दिलं. त्यांनी अंगठा कांडीवरून फिरवला, सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग कड्यांच्या आतून. एका जागी अंगठा थांबला.

"हितं आजून टोचतंय," त्या घिसाड्याला म्हणाल्या, आणि कडियाळं परत दिलं.

 परत येताना मी न राहवून म्हणाले, "आत्याबाई, तुमी भावजींना का न्हाय सांगत? तुमचं ते ऐकतील. तुमी त्येंची आई हायसा."

"म्हनून तर," त्या म्हणाल्या आणि पाय उचलून पुढं चालायला लागल्या.

ते घासलेलं कडियाळं घोडीच्या जबड्याला बरोबर बसत होतं. रुंदी तिच्याच मापाची. पहिल्या दिवशी ती जीभ हलवत राहिली, काटे शोधत असल्यासारखी. मग तिची मान खाली आली. फेस पांढरा झाला. मी बानूला तिच्या पाठीवर बांधायला लागले. लगाम जरा उचलला की ती वळायची, आवाज केला की थांबायची. थोरले भावजी लांबून बघायचे आणि म्हणायचे, "बघ. काट्यानं कशी सुतासारखी सरळ झाली." मी मान खाली घालायची.

वरंध घाटाच्या माथ्यावर आम्ही सकाळी पोचलो. कोवळं ऊन पडलं होतं, खाली दरीत धुकं होतं. गाड्यांची वर्दळ सुरू व्हायच्या आधी मेंढरं पुढं काढली होती. मी बानूला बांधून गाठ तपासत होते. इतक्यात थोरले भावजी मेंढरं धुळावर सोपवून मागं आले.

"घाटात ही घोडी मी धरनार," ते म्हणाले. "तू दुसरं तट्टू घे."

माझा हात गाठीवरच राहिला. "भावजी, ती माझ्या हाताला लागलीया आता."

"ट्रॅक्टरच्या येळंला बी तुझ्याच हातात व्हती."

"मग मी बानूला उतरून घेते. पाठीला बांधते."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. कुणीतरी दुखऱ्या जागी बोट ठेवल्यावर माणूस बघतो तसं.

"माझ्या हातावर भरवसा न्हाय व्हय तुझा?"

याला सुनेनं काय उत्तर द्यायचं? मी आत्याबाईंकडं बघितलं. त्यांचे ओठ हलले.

"म्हाळू, घिऊ दे तिला लेकराला खाली," त्या म्हणाल्या.

"का, आये?"

आत्याबाई तट्टूचा पट्टा ओढून बघायला लागल्या.

"का ते सांग की."

"काय न्हाय," त्या म्हणाल्या. "चल."

आम्ही निघालो. पुढं थोरले भावजी आणि घोडी, मागं आत्याबाई, त्यांच्या मागं तट्टू घेऊन मी. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला गुडघ्याएवढा कठडा आणि त्यापलीकडं काही नाही. बोचक्यांच्या मधून बानूचं टोपडं दिसत होतं. भावजींनी लगाम हनुवटीखाली आखडून धरला होता. घोडीची मान वर, ताठ. मला मागून तिचे कान दिसत होते. ते मागं होते. मी मनात म्हणत होते, सैल सोडा, जरा सैल सोडा. 

अर्धा घाट उतरलो असू. एका अवघड वळणावर खालून मालट्रक आला. ड्रायव्हरनं वळणाच्या आधी भोंगा वाजवला, तो कातळावर आपटून दुप्पट झाला. घोडी दचकली. नुसती दचकली, एक पाऊल आडवं टाकलं तिनं. पण भावजींनी दोन्ही हातांनी लगाम खाली खेचला, सगळ्या अंगाचा भार देऊन.

घोडी उभी राहिली. मागच्या दोन पायांवर, कठड्याशेजारी, सरळ. बोचकी मागं घसरली. घोंगडीची झोळी तिरपी झाली आणि बानू किंचाळली. मी तट्टू सोडून पळाले, पण मधे रस्ता अरुंद, ट्रकचं तोंड समोर, आणि घोडीचे पुढचे पाय हवेत. भावजी लगामाला लोंबकळत होते. ते ओढत होते आणि घोडी आणखी मागं, आणखी मागं जात होती. तिच्या पाठीमागं कठडा होता.

"सोड!" आत्याबाई ओरडल्या. "म्हाळू, सोड लगाम!"

"सोडली तर दरीत जाईल!"

"सोड रं!"

"न्हाय सोडनार! आता न्हाय सुटू द्यायची!"

आत्याबाईंचा आवाज मी तसा आधी कधी ऐकला नव्हता, नंतरही नाही. घसा फाटल्यासारखा.

"गवराच्या येळंला सुटली न्हवती! तू सोडली न्हाईस म्हनून गेली गवरा! सोड, म्हाळू!"

भावजींचे हात उघडले. त्यांनी सोडला असं मी म्हणणार नाही. हातातला जीव गेला आणि बोटं उघडली. लगाम लोंबकळला. घोडी तशीच उभी होती, मला वाटलं आता उलटणारच. मग तिचं डोकं खाली झुकलं आणि पुढचे दोन्ही खूर डांबरावर आदळले. तिथंच ती थांबली. चारही पाय लटपटत होते, पण एक पाऊल हलली नाही.

मी तिच्या मानेवर हात ठेवला आणि दुसऱ्या हातानं झोळीची गाठ ओढली. बानू माझ्या छातीवर पडली. ती रडत होती, म्हणजे जिवंत होती. मी रस्त्यातच खाली बसले. ट्रकचा ड्रायव्हर उतरून आला होता. "मावशी, लागलं का पोरीला?" असं विचारत होता, आणि मी नुसती मान हलवत होते. त्यानं माझं तट्टू धरून आणलं, घोडीकडं एकदा बघितलं आणि ट्रक हळूहळू वर घेऊन गेला.

थोरले भावजी घोडीपाशी आले. त्यांनी तिचं तोंड उघडलं. बहुतेक रक्त बघायला. अंगठा आत घालून कांडीवरून फिरवला. मग दुसऱ्या बाजूनं फिरवला.

"काटं कुनी काढलं?"

"म्या," मी म्हणाले.

"आमी दोघींनी," आत्याबाई म्हणाल्या.

 भावजी घोडीच्या कपाळावर हात टेकवून उभे राहिले. काटे असते तर काय झालं असतं, हे त्यांना कळत होतं, आणि आम्हाला दोघींनाही. 

मग त्यांनी आईकडं न बघता विचारलं, "गवराचं काय म्हनालीस तू?"

गवरा कोण, हे मला माहीत नव्हतं. लग्न होऊन आल्यापासून ते नाव मी ऐकलं नव्हतं. आत्याबाई कठड्यावर बसल्या. त्यांचे हात मांडीवर पालथे पडले होते.

"तू म्हनाली व्हतीस, घोडी माझ्या हातातनं सुटली," भावजी म्हणाले. "तुझं हात ल्हान व्हतं, लेकरा, तू काय करनार, आसं म्हनाली व्हतीस. मी जलमभर…" ते थांबले. "मला आठवतंय, आये. मी लगाम धरला व्हता. मग आपन सगळी रडत व्हतो. मधलं मला काय आठवत न्हाय."

"मला आठवतंय," आत्याबाई म्हणाल्या. "बांध वलांडताना घोडी भ्याली. गवरा वर बांधलेली. तू लगाम गच्च धरलास आन् खाली वढलास. आपल्या भनीला जपायचं म्हनून जीव खाऊन वढलास, बाबा. तिच्या तोंडात तवाबी काटंच व्हतं. ती उभी ऱ्हायली. तू वढतच ऱ्हायलास. ती पाठीवर उलथी पडली." त्यांनी पदर तोंडाला लावला, पण रडल्या नाहीत. "तुझ्या हातात दम न्हवता, आसं कवाच न्हवतं. तू सोडलीच न्हाईस."

खालून मेंढरांची बें-बें ऐकू येत होती. धुळा लांबून हाका मारत होता, "काय झालं? काय झालं रं?" 

"मग तवाच का न्हाय सांगितलंस?" भावजी म्हणाले.

"एक गेली व्हती," आत्याबाई म्हणाल्या. "दुसरं मला ठिवायचं व्हतं."

थोरले भावजी कठड्याकडं गेले आणि दरीकडं तोंड करून उभे राहिले. मी घाबरले. आत्याबाईही उठल्या. पण ते नुसते उभे होते. मग वळले, घोडीची घसरलेली बोचकी सारखी केली, पट्टा पुन्हा बांधला आणि लगाम उचलून माझ्या हातात दिला. आणि माझ्या कडेवरच्या बानूकडं बघत राहिले. तोवर त्यांनी माझ्या लेकीला एकदाही उचललं नव्हतं, हे मला तेव्हा ध्यानात आलं. ती जन्मल्यावरही नाही, बारशालाही नाही. बायकांचं काम म्हणून लांब राहतात, असं आम्ही समजत होतो.

"दे हिकडं," ते म्हणाले.

बानू आधी रडली, मग त्यांच्या पागोट्याचा सुटलेला पदर तिनं तोंडात घातला. उरलेला घाट ते तिला छातीशी धरून उतरले.

दुपारी पायथ्याला ओढ्याकाठी उतरलो. मी घोडीला पाणी दाखवलं, चूल पेटवली. थोरले भावजी बानूला मांडीवर घेऊन आत्याबाईंच्या समोर येऊन बसले. धुळाही येऊन उभा राहिला. त्याला वाटेत मी सांगितलं होतं. त्याच्या जन्माआधीची गोष्ट ती, त्याला बहीण होती हेच त्याला ठाऊक नव्हतं.

"आये," भावजी म्हणाले, "मला तिचं तोंड आठवत न्हाय. कशी व्हती गं गवरा?"

आत्याबाईंनी चुलीत काटकी सारली. मला वाटलं, त्या पुन्हा गप्प बसणार.

"केस कुरळं व्हतं," त्या म्हणाल्या. "खालचं दोन दात आलं व्हतं. ताक प्यायला लई आवडायचं." मग त्या थांबल्या, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना रडताना बघितलं. "आन् तुझ्याबिगर कुनाकडं जायाची न्हाय."